जगातली सगळ्यात बारीक टिचकी

उन्हाळा लागला. आजी आठवडी बाजारात माठ घ्यायला निघाली. तूही सोबत!

आजी एक माठ उचलते. कानाजवळ धरते. आणि बोटाने टिचकी मारते. टण्ण!

"हा चांगला."

दुसरा उचलते. टिचकी. भद्द!

"हा नको. तडा गेलाय याला."

तू माठ फिरवून फिरवून बघतेस, बघतोस. तडा कुठेच नाही! "आजी, दिसत तर नाही गं!"

"डोळ्याला नाही दिसत, बाळा. कानाला दिसतो."

बघितलंस? माठ न फोडता आजीने त्याच्या पोटातली गोष्ट काढून घेतली. तीही एका टिचकीत!

आता माझं गुपित ऐक. शास्त्रज्ञसुद्धा अगदी हेच करतात. पण त्यांची टिचकी बोटाने मारायची नसते. ती असते अणूची! हो, एका अणूने दुसऱ्या अणूला मारलेली टिचकी. त्या टिचकीने जुनं नाणं बोलतं, गव्हाचा दाणा बोलतो. आणि चंद्राची मातीही बोलते!

चल, कानाला लावून ऐकू या.

फोडायचं की नाही?

हिंगोली म्हटलं की काय आठवतं? हळद! हिंगोलीच्या आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीचे पिवळेधमक ढीग लागतात. व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलतो. कटकन मोडतो. आतला रंग बघतो आणि भाव सांगतो.

एक हळकुंड मोडलं, बिघडलं काय? ढिगात हजारो आहेत.

पण समज, पैठणजवळच्या एका शेतात दोन हजार वर्षांपूर्वीचं सातवाहनांच्या काळातलं नाणं सापडलं. ते कशाचं आहे? तांब्याचं? शिशाचं? की दोन-तीन धातूंचं मिश्रण? बघायला ते मोडायचं का?

छे छे! दुसरं कुठून आणणार?

सोनारकाका सोनं पारखायला काळ्या कसोटीच्या दगडावर घासतात. पण घासलं की चरा उमटतो. जुन्या नाण्यावर एवढासा चरासुद्धा नको.

मग मोडायचं नाही, घासायचं नाही, आणि तरी आतलं ओळखायचं. कसं?

टिचकी!

कंगव्याची जादू

आधी एक छोटीशी ओळख. तुझं दप्तर, भाकरी, माठ, तुझं नाक, सगळं अणूंचं बनलेलं आहे. अणू किती बारीक? तुझ्या डोक्यावरचा एक केस घे. त्याच्या जाडीत अणू एकाला एक चिकटवून ओळीत उभे केले, तर दोन-तीन लाख मावतील! लांबीत नाही हं, जाडीत!

प्रत्येक अणूच्या मधोमध एक जड गाभा असतो. त्याच्या भोवती असतात हलकेफुलके इलेक्ट्रॉन. अणूचा एखादा इलेक्ट्रॉन हरवला, किंवा एखादा जास्तीचा येऊन चिकटला, की त्या अणूला म्हणायचं आयन.

आयनाची गंमत काय? त्याला विजेने ओढता येतं आणि ढकलताही येतं.

प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेलाय कधी? टुणकन उडून चिकटतात ना! ती घासून आलेल्या विजेची ओढ. शास्त्रज्ञ आयनांना अशीच ओढ लावतात. फक्त त्यांचा कंगवा फार फार मोठा असतो!

किती मोठा? मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथे 'फोटिया' नावाचं यंत्र आहे. त्यात ६० लाख व्होल्टचा ताण तयार करता येतो. तुझ्या टॉर्चमधला एक सेल दीड व्होल्टचा. म्हणजे ६० लाख व्होल्टसाठी किती सेल एकामागे एक लावावे लागतील? कर गणित!

केलंस? चाळीस लाख सेल!

मुंबईतच कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथलं 'पेलेट्रॉन' यंत्र १९८८ साली सुरू झालं. ते तर १ कोटी ४० लाख व्होल्टचं!

झोक्याची युक्ती

या यंत्रांत एक भारी युक्ती असते. तू झोक्यावर बसलीस किंवा बसलास. समोरून एक मैत्रीण तुला ओढते. तू तिच्यापाशी पोचताच मागून दुसरी ढकलते. एकाच फेरीत दोनदा वेग!

यंत्रातही तेच. आयनाजवळ आधी एक जास्तीचा इलेक्ट्रॉन असतो. त्यामुळे यंत्राच्या मधला जोरदार 'अधिक' ताण त्याला स्वतःकडे ओढतो. आयन धावत धावत मधे पोचतो. तिथे असतो एक अगदी पातळ पडदा, नाहीतर थोडासा वायू. त्यातून जाताना आयनाचे इलेक्ट्रॉन खरवडून निघतात. झालं! आता तो स्वतःच 'अधिक' झाला. मग ज्याने ओढलं, तोच त्याला जोरात लांब ढकलतो. एकदा ओढ, एकदा ढकल!

सगळ्यात हलका अणू हायड्रोजनचा. त्याच्या गाभ्याला प्रोटॉन म्हणतात. असा प्रोटॉन टिचकी मारायला निघतो, तेव्हा त्याचा वेग किती असतो? नेहमीच्या तपासणीत सेकंदाला सुमारे २४,००० किलोमीटर! पृथ्वीला पूर्ण चक्कर मारायला त्याला दोन सेकंदही लागणार नाहीत.

आणि एकटा प्रोटॉन नाही जात. अगदी मंद झोत सोडला, तरी घड्याळाची एक 'टिक' होईपर्यंत ६०० कोटींहून जास्त प्रोटॉन जाऊन आदळतात! टिचक्यांचा पाऊसच!

मग नाण्याचं काय? त्याला लागत नाही? नाही! प्रोटॉन धातूत फार तर एका केसाच्या जाडीइतके आत जातात आणि दमून थांबतात. शास्त्रज्ञ झोत मंद ठेवतात, थोडाच वेळ सोडतात. नाण्यावर खूणसुद्धा राहू नये याची काळजी घेतात.

टप्पा खाऊन परत!

टिचकी मारली. आता कान द्यायचा. आवाज दोन प्रकारचे येतात. पहिला आहे टप्प्याचा.

रबरी चेंडू भिंतीवर मार. कसा सणसणत परत येतो! आता तोच चेंडू दोरीला टांगलेल्या फुटबॉलवर मार. परत येतो, पण रेंगाळत. कारण थोडा वेग फुटबॉलनेच घेतला.

अणूंचंही तसंच! आयन जड अणूच्या गाभ्यावर आपटला, तर जोरात परत येतो. हलक्या गाभ्यावर आपटला, तर वेग गमावून परत येतो. परत आलेल्या आयनाचा वेग मोजायचा, की कळलं समोर कोण होतं ते. सोनं की तांबं? शिसं की लोखंड?

आणि खोलातून परत येणारा आयन आणखी दमलेला असतो, जसा गुडघाभर पाण्यातून चालत आलेला मुलगा दमतो तसा. म्हणून वर कुठला थर, खाली कुठला थर, हेही कळतं!

ही युक्ती सापडली कशी? १९०९ सालची गोष्ट. इंग्लंडमधलं मँचेस्टर. अर्नेस्ट रदरफोर्ड नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन काम करत होते. मार्सडेन तर वीस वर्षांचा विद्यार्थी! तुझ्या ताईदादाएवढा!

त्यांनी सोन्याच्या पातळ वर्खावर अल्फा कण सोडले. अल्फा कण म्हणजे हेलियमच्या अणूचा नुसता गाभा. वर्ख कसा, तर मिठाईवरच्या वर्खासारखा. कण आरपार जाणार, यात शंकाच नव्हती. दोघं अंधाऱ्या खोलीत बसले आणि पडद्यावर चमकणारे बारीक ठिपके डोळ्यांनी मोजत राहिले.

बहुतेक कण गेलेच आरपार. पण हजारोंमधून एखादा कण चक्क उलटा फिरून परत आला!

वर्खावरून परत? म्हणजे आत काहीतरी बारीक पण जड आणि कणखर असलंच पाहिजे! १९११ साली रदरफोर्डने सांगितलं, अणूला गाभा असतो. अणूचा गाभा जगाला कळला तो असा, एका टिचकीने!

चंद्रालाही टिचकी

आता तर मजाच आहे. १९६७ साली, माणूस चंद्रावर उतरायच्या दोन वर्षं आधी, अमेरिकेचं 'सर्व्हेयर ५' हे यान चंद्रावर उतरलं. त्यात एक छोटी पेटी होती. पेटीतून अल्फा कण निघायचे, चंद्राच्या जमिनीवर आपटायचे आणि परत यायचे.

परत आलेले कण काय म्हणाले असतील? ओळख!

ते म्हणाले, इथली जमीन बेसाल्ट खडकासारखी आहे!

बेसाल्ट म्हणजे काय, माहीत आहे? आपल्या हिंगोलीत विहीर खणताना पहार खणकन आपटते, तो काळा पाषाण! ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला. आपली काळी माती त्याचीच लेक. पौर्णिमेच्या चंद्रावर काळे डाग दिसतात ना, तिथेही असलाच दगड पसरलेला आहे. तुझ्या पायाखाली जो, तोच तिथे वर!

आणि २३ ऑगस्ट २०२३ आठवतोय? त्या संध्याकाळी आपलं चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं. त्यातून 'प्रज्ञान' ही छोटी गाडी बाहेर आली. तिच्याजवळही अल्फा कणांची टिचकी मारणारं यंत्र होतं. ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवलं होतं. त्याला वीज लावून कण पळवावे लागत नाहीत. त्यात क्युरियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. ते आपणहूनच अल्फा कण फेकतं!

प्रज्ञान चंद्रावर १०३ मीटर फिरली. थांबली, टिचकी मारली, ऐकलं, पुढे गेली. अशा २३ जागी तिने चंद्राची माती तपासली. आपल्या शाळेच्या मैदानाला एक फेरी मारावी, तेवढंच अंतर! पण चंद्रावर!

हजर, बाई!

टप्प्याचा आवाज झाला. दुसरा आवाज त्याहून भारी. तो असतो हजेरीचा!

असं समज, अणू म्हणजे तुझा वर्ग. इलेक्ट्रॉन म्हणजे बाकांवर बसलेली मुलं. प्रोटॉन सुसाट वर्गात शिरतो आणि पहिल्या बाकावरच्या एकाला धक्का देऊन बाहेर घालवतो. पहिला बाक रिकामा! मागच्या बाकावरचा एक जण टुणकन उडी मारून तिथे येऊन बसतो.

आणि उडी मारताना तो ओरडतो! इलेक्ट्रॉनचं हे ओरडणं म्हणजे क्ष-किरण. हो, हात मोडल्यावर दवाखान्यात फोटो काढतात, त्याच जातीचे.

खरी कमाल पुढे आहे. प्रत्येक मूलद्रव्याची हाक वेगळी! जणू हजेरीचा नंबरच. शास्त्रज्ञ या किरणांची ऊर्जा मोजतात, तेव्हा लोखंड म्हणतं '६.४ हजर!' तांबं म्हणतं '८ हजर!' चांदी म्हणते '२२ हजर!' शिसं म्हणतं '१०.५ हजर!' कितीही गर्दी असू दे, नंबर ऐकला की कळलं कोण कोण आलंय!

प्रोटॉनच्या टिचकीने हजेरी घेण्याची ही रीत १९७० साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात सुरू झाली. भारतात भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत अशीच हजेरी घेऊन प्राचीन भारतीय नाणी तपासली गेली आहेत. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे हैदराबाद. पूर्णा, नांदेड करत आगगाडी जाते ना, तेच! तिथेही भाभा केंद्राची एक प्रयोगशाळा आयनांच्या झोताने पदार्थ तपासते.

आता एक कोडं. वर्गात दोन मुलांचा आवाज अगदी सारखा असला तर? अणूंच्या वर्गातही असा घोटाळा आहे! शिशाची मोठी हाक १०.५ ची. आणि आर्सेनिकची? तीही १०.५ चीच!

मग कोण हजर आहे, कसं ओळखायचं?

शास्त्रज्ञ हुशार! प्रत्येक मूलद्रव्य एकच हाक देत नाही, आणखी एक बारीक हाकही देतं. शिशाची ती हाक १२.६ ला येते, आर्सेनिकची ११.७ ला. दुसरी हाक ऐकली की चोर सापडला!

आपल्याकडे असा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे बरं. १९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका शेतकऱ्याला जमिनीत चार सुंदर वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोंहून जड! त्यांच्या धातूत तांब्याबरोबर काय काय मिसळलंय, यावरून त्या कधीच्या आणि कोणी बनवलेल्या, यावर अभ्यासक वाद घालत आले. आणि त्या धातूत सापडलेला एक पाहुणा कोण, सांग? आर्सेनिक!

बाबिलोनच्या मूर्तीचे डोळे

पॅरिसला लूव्र नावाचं जगप्रसिद्ध संग्रहालय आहे. त्याच्या तळघरात काय असेल? जुन्या पेट्या? धूळ?

नाही! तिथे आयन पळवणारं यंत्र आहे! एखाद्या संग्रहालयाचं स्वतःचं असं यंत्र! तिथे झोत एका पातळ खिडकीतून हवेत बाहेर काढतात. प्रोटॉन हवेत जेमतेम अर्धी-पाऊण वीत जातात. पण तेवढं पुरतं. वस्तू समोर ठेवायची, बस्स.

लूव्रमध्ये प्राचीन बाबिलोनची एक छोटी पांढरी मूर्ती आहे, देवीची. तिच्या डोळ्यांत आणि बेंबीत लाल खडे बसवलेले आहेत. लाल काच असेल, नाही का?

प्रोटॉनची टिचकी मारली. हजेरी घेतली. आणि कळलं, ती काच नव्हेच. ती आहेत खरी माणकं! आत मिसळलेल्या बारीक बारीक मूलद्रव्यांवरून ती कुठून आली, तेही कळलं. ब्रह्मदेशातून! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हजारो किलोमीटरचा प्रवास करून! आगगाडी नाही, विमान नाही, आणि तो इवलासा लाल खडा तिथे पोचला. कोणाकोणाच्या हातांतून गेला असेल, विचार कर!

गव्हाचा नकाशा, हळदीची हजेरी

झोत खूप बारीक केला, की तो पेन्सिलीच्या टोकासारखा फिरवता येतो. मग एखाद्या दाण्याचा चक्क नकाशा निघतो. लोह कुठे, जस्त कुठे, कॅल्शियम कुठे!

स्लोव्हेनियाच्या शास्त्रज्ञांनी गव्हाच्या दाण्याचे असे नकाशे काढले. लोह आणि जस्त कुठे जास्त दिसलं, सांग बघू? पांढऱ्या पिठाच्या भागात? चूक! ते दिसलं कोंड्यालगतच्या थरात आणि अंकुरात. म्हणजे आपण कणीक चाळून कोंडा टाकतो, तेव्हा चांगला ऐवजच टाकतो! आता चाळणीत उरलेल्या कोंड्याकडे जरा मानाने बघ.

भारतात मणिपूरच्या औषधी वनस्पतींचीही अशी हजेरी घेतली गेली आहे.

आणि आपली हळद? तिचा पिवळा रंग येतो कुरकुमिनमुळे. ते कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन या हलक्या मंडळींचं बनलेलं. त्यांचा आवाज इतका बारीक, की या हजेरीत ऐकूच येत नाही! पण काही ठिकाणी हळद जास्त चमकावी म्हणून तिला लेड क्रोमेट नावाचा विषारी पिवळा रंग फासतात. बांगलादेशात हे उघडकीला आलं होतं. डोळ्याला दोन्ही पिवळेच. पण हजेरी घेतली, की क्रोमियम ओरडतं '५.४ हजर!' आणि शिसं ओरडतं '१०.५ हजर!' नको असलेले पाहुणे लगेच पकडले जातात!

औंढ्याजवळचे आरसे

शेवटची गंमत तुझ्या अंगणातली. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ 'लायगो-इंडिया' ही मोठी वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला पक्की मंजुरी दिली. तिचे दोन हात असतील, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. लांबच्या अवकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की अवकाशालाच लहर येते. ती लहर इथे पकडायची!

त्यासाठी लागतात जगातले सगळ्यात शांत आरसे. लायगोचा एक आरसा ४० किलोंचा असतो. त्यावर असतात पातळ पातळ थरांचे थर. सगळे मिळून साधारण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकेच!

हे थर चढवतात कसे? आयनांच्या झोतानेच! पिठाच्या गिरणीत गेल्यावर तुझ्या भुवयांवर पीठ बसतं ना? तसंच. आयन एका पदार्थावर आपटतात, त्याचे अणू उधळतात आणि अलगद काचेवर बसतात. मग पाककृती बरोबर जमली का, कुठला अणू किती पडला, हे तपासायला परत आयनांचाच टप्पा. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठात अशा थरांची तपासणी चालते. कारण थरांतले अणू उष्णतेने थरथरतात. ती थरथर जितकी कमी, तितकी अवकाशाची लहर स्पष्ट!

म्हणजे तीच बारीक टिचकी उद्या आपल्या औंढ्याच्या कामालाही येणार!

आता तुझी पाळी

आज घरी एक खेळ खेळ. स्वयंपाकघरातून पाच वस्तू घे. तांब्याचा लोटा, स्टीलची ताटली, पितळेची वाटी, मातीची पणती, लाकडी पोळपाट. डोळे बंद कर. भावाला नाहीतर मैत्रिणीला एकेकीवर टिचकी मारायला सांग. आवाजावरून ओळख! मग लोट्यात पाणी भरून पुन्हा मार. आवाज बदलला? का बरं बदलला असेल? वहीत लिहून ठेव.

रदरफोर्डच्या अंधाऱ्या खोलीत मार्सडेन बसला होता, तेव्हा तोही हेच करत होता. काहीतरी सोडायचं, आणि परत काय येतं ते नीट बघायचं.

आणि पुढच्या वेळी आजी माठाला टिचकी मारेल ना, तेव्हा तूही कान दे. टण्ण झालं, की तिला सांग, "आजी, चंद्रावर प्रज्ञानने असंच केलं होतं!"